हातचा

मरोळच्या औषध कारखान्यात
अडतीस वर्षं मी पगारपत्रक केलं.
एका पैशाचा फरक कधी आला नाही.
म्हणजे, जो होता
तो ताळ्यात बसत होता.

चौऱ्याऐंशीत लागले, पहिल्याच दिवशी
मोहिलेंनी कपाटातून जुनं मस्टर काढलं,
कापडी पुठ्ठ्याचं, कोपरा वाळवीनं खाल्लेलं.
साल एकोणसत्तर. दोन रकाने.
पुरुष, रोज चार रुपये.
स्त्रिया, अडीच.
"निदान सरळ लिहायचे," मोहिले म्हणाले
आणि चहा बशीत ओतला.

मग कायदा आला होता.
रकाने गेले, खाती आली.
गोळ्या दाबणाऱ्या मशीनवर बसतात ते कुशल.
त्याच गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरतात
त्यांचं हलकं काम.
हलकं म्हणजे भागीरथी वारंग, आठ तास उभी,
मिनिटाला बावीस खोकी.
सात तारखेला सहीला यायची तेव्हा
पेन दोन्ही हातांनी धरायची.

मेरी डाबरेनं एकदा विचारलंन,
"त्या मशीनला हिरवं बटण हाय ना? मना दाखवा, मी दाबते."
मशीन रात्रपाळीला चालतं.
रात्रपाळी बायकांना नाही.
म्हणून मशीन नाही, म्हणून कुशल नाही,
म्हणून.
शाळेत मी इतकं बिनचूक सिद्ध केलं असतं
तर भूमितीत पैकीच्या पैकी मिळाले असते.

बेरीज शिकवताना बाई सांगायच्या
हातचा विसरू नका गं, पुढच्या घरात घ्या.
इथे कुणीच विसरलं नाही.
ते दीड रुपये पुढच्या घरात गेले, पुढच्या वर्षात,
त्यांच्यावर टक्क्यांनी वाढ, वाढीवर बोनस,
सगळ्यावर मिळून फंड.
भागीरथी केव्हाच घरी बसली
तरी दर महिन्याला बँकेत कमीच जमा होतं,
अकराशे त्रेचाळीस.
पासबुक भरायला माझ्याकडे येते. जावईही आहे शिकलेला,
पण माझ्याकडेच येते.

कॉम्प्युटर आल्यावर आकडे सुबक दिसू लागले, एवढंच.
निनाद पालवला मीच शिकवलं,
व्यवसाय कर कुठे कापायचा,
पन्नास पैशांना वर जायचं की खाली.
तिसऱ्या वर्षी त्याची ओळ माझ्या ओळीच्या पुढे गेली.
टाइप मीच केली.
साहेब म्हणाले, "त्याला संसार उभा करायचाय."
माझा नवरा तेव्हा सहा वर्षं घरी होता,
सासूचं डायलिसिस, दोन पोरं, चकाल्याची भाड्याची खोली,
पण ह्याला पत्रकात रकाना नव्हता.
मी एंटर दाबलं.
रागावले नाही. खोटं कशाला सांगू,
त्या महिन्यात ताळा पहिल्या झटक्यात जमला
ह्याचाच आनंद झाला होता.

परवा माझ्या जागेसाठी मुली आल्या.
तेजल खैरमोडे बाकावर बसून फॉर्म भरत होती.
आधीच्या नोकरीचा पगार, ह्या ओळीवर
पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं: साडेचौदा हजार.
"काकू, खरा आकडाच टाकायचा ना?"

मी चश्मा काढला. पुसला.
पुन्हा घातला.
अडतीस वर्षांत माझ्या हातून
एक आकडा खोटा पडलेला नाही.

खणातून रबर काढून दिलं.
म्हटलं, एकवीस लिही.

ती घाबरली. "आणि स्लिप मागितली तर?"

मागणारी मीच आहे, म्हटलं.
अजून नऊ दिवस.